माळव्याहून कँटनला

श्रोतेहो, दक्षिण चीनचा प्रवास करून आलेल्या मनुष्याला आप्तेष्ट पहिला प्रश्न विचारतात तो ग्वेलिनचे डोंगर पाहिले काय, हा. प्रश्न रास्त आहे. चुनखडीचे ते एकाकी सुळके, पावसाच्या पाण्यानें लक्षावधि वर्षें विरघळत विरघळत शेवटीं उरलेले, ली नदीच्या दोन्ही तीरांवर असे उभे आहेत कीं, चिनी चित्रकार कल्पनेनेंच असले डोंगर काढीत असावेत हा आपला समज नावेंत बसल्यावर तासाभरांत नाहींसा होतो. चीनच्या वीस युआनच्या नोटेवर छापलेलें दृश्य शिंगपिंग गांवाजवळ जसेंच्या तसें दिसतें. प्रवासी हातांत ती नोट धरून तेथें छायाचित्र काढून घेतात. मींही काढून घेतलें, हें कबूल करतों. परंतु आज आपल्याशीं बोलावयाचें आहे तें त्या डोंगरांविषयीं नव्हे. मला बोलावयाचें आहे तें एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाविषयीं, आणि त्याचें उत्तर मला ज्या स्थळीं मिळालें त्या स्थळांविषयीं.

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला साधा शाळामास्तर. तीस-बत्तीस वर्षें इतिहास शिकविला. चीनचा धडा आला म्हणजे, ‘इंग्रजांनीं अफूच्या व्यापारासाठीं चीनशीं युद्ध केलें,’ हें वाक्य मी फळ्यावर लिहीत असें आणि मुलें तें उतरून घेत. एके वर्षीं मागल्या बांकावरील एक मुलगा उठून म्हणाला, “गुरुजी, इंग्लंडांत तर थंडी फार. मग ती अफू पिकत होती कोठें?” तास संपत आला होता. मी म्हणालों, “पुस्तकांत आहे तेवढें लिही.” मुलगा निमूटपणें खालीं बसला. उत्तर मला अंधुकसें ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण तें वर्गांत उच्चारावें असें मला वाटलें नाहीं. शिक्षकाच्या हातून ज्या चुका होतात, त्यांत ही चूक मी मोठी समजतों.

सेवानिवृत्तीनंतर, माझा धाकटा मुलगा कामानिमित्त ग्वांगझू शहरीं असतांना, त्याच्याकडे महिनाभर राहण्याचा योग आला. आपल्या जुन्या भूगोलाच्या पुस्तकांतील कँटन तें हेंच. शहर अफाट आहे. परंतु त्याच्या मध्यभागीं, उंच इमारतींच्या गराड्यांत, ग्वांगश्याव नांवाचें एक बौद्ध मंदिर आहे. महाद्वारांतून आंत पाऊल टाकलें कीं रस्त्यावरचा गलबला मागें राहतो, उदबत्त्यांचा धूर दिसूं लागतो, आणि पुढें वडा-पिंपळांच्या सांवल्या लागतात.

या स्थळाचा इतिहास एका हद्दपार मनुष्यापासून सुरू होतो. तिसऱ्या शतकांत यू फान नांवाच्या एका स्पष्टवक्त्या विद्वानावर त्याच्या राजाची इतराजी झाली व त्याला या दूरच्या दक्षिण प्रांतांत पाठविण्यांत आलें. त्यानें येथें बाग केली, शिष्य जमविले आणि झाडें लाविलीं. त्यांत एक झाड असें होतें कीं, त्याच्यावरून त्या बागेला नांव पडलें. तें झाड म्हणजे आपला हिरडा. चिनी भाषेंतील त्याचें जुनें नांव ‘हरीतकी’ या शब्दावरूनच बनलेलें आहे. भीमाशंकर-जुन्नरच्या रानांत ज्या झाडाखालीं मुलें हिरडे वेंचतात, त्याच जातीचें झाड या देवळाच्या आवारांत आजही दाखवितात. जुन्या चिनी ग्रंथांत नोंद आहे कीं, येथील भिक्षु आलेल्या पाहुण्यास विहिरीच्या पाण्यांत उकळलेला हिरड्याचा व ज्येष्ठमधाचा काढा देत असत. परदेशीं, भाषेचा एकही शब्द कळत नसतां, हिरड्याचें पान ओळखूं आलें त्या वेळीं मला जें वाटलें तें मी शब्दांत सांगूं शकत नाहीं.

यू फानच्या पश्चात् त्या बागेचें मंदिर झालें, आणि मग आपल्याकडील माणसें तेथें येऊं लागलीं. इ. स. ४३५ मध्यें मध्यदेशाचा गुणभद्र समुद्रमार्गानें ग्वांगझूस उतरला. येथील दीक्षावेदी त्यानें स्थापिली असें सांगतात. पुढें ५०२ च्या सुमारास एका भारतीय भिक्षूनें तिच्याजवळ बोधिवृक्षाचें रोप लाविलें. त्याच बोधिवृक्षाखालीं ६७६ मध्यें हुइनंग या चिनी साधूचें मुंडन झालें. त्याची कथा तेथें प्रत्येक मार्गदर्शक सांगतो. दोन भिक्षु वाद घालीत होते. एक म्हणे, पताका हलते. दुसरा म्हणे, वारा हलतो. हुइनंग म्हणाला, पताका हलत नाहीं आणि वाराही हलत नाहीं. हलतें आहे तें तुमचें मन. हा हुइनंग पुढें चीनमधील ध्यानसंप्रदायाचा सहावा आचार्य गणला गेला. त्याचे केंस जेथें पुरले असें मानतात, तेथें लहानसा सातमजली स्तूप आहे. आज दिसणारा बोधिवृक्ष मात्र मूळचा नव्हे. मूळचा वादळांत पडल्यावर तो पुन्हा लाविलेला आहे.

परंतु या मंदिराशीं संबंध आलेल्या भारतीयांत मला सर्वांत जवळचा वाटला तो परमार्थ. हा उज्जयिनीचा ब्राह्मणकुलोत्पन्न पंडित. ताडपत्रांचे भारे घेऊन, कंबोडियाच्या मार्गानें, ५४६ मध्यें तो दक्षिण चीनच्या किनाऱ्यास लागला. त्या वेळीं त्याचें वय पन्नाशीच्या घरांत होतें. ५४८ मध्यें तो राजधानींत पोंचला व सम्राटानें त्याचें स्वागत केलें. आणि त्याच वर्षीं बंड होऊन सर्व राज्य उलटेंपालटें झालें. पुढें कित्येक वर्षें हा परदेशी पंडित गांवोगांव भटकला. जेथें चार दिवस शांतता मिळे तेथें बसून भाषांतर करी. अखेर थकून तो ५६२ मध्यें मायदेशीं जाण्यासाठीं जहाजावर चढला. वारा फिरला, आणि जहाज पुन्हा ग्वांगझूलाच येऊन लागलें. दैवाची ही आज्ञा समजून तो तेथेंच राहिला, आणि शेवटच्या सात वर्षांत त्यानें आपलें उत्तम कार्य केलें. असंगाचा महायानसंग्रह आणि वसुबंधूचा अभिधर्मकोश हे ग्रंथ त्यानें येथें चिनी भाषेंत आणिले. ईश्वरकृष्णाची सांख्यकारिकाही टीकेसह त्यानेंच चिनी भाषेंत आणिली. पैकीं महायानसंग्रहाचें मूळ संस्कृत आज आपल्यापाशीं नाहीं. तो ग्रंथ आपणांस ठाऊक आहे तो चिनी व तिबेटी भाषांतरांमुळें. म्हणजे आपण जें गमाविलें, तें त्यांनीं सांभाळिलें.

इतकें करूनही त्याला समाधान नव्हतें. ५६८ मध्यें जीवनास कंटाळून तो देहत्याग करण्यासाठीं डोंगरांत निघून गेला. शिष्यांनीं धांवत जाऊन त्याला परत आणिलें. पुढल्याच वर्षीं त्याचें निधन झालें. आपण व्यर्थ जगलों, असें त्याला वाटत असावें. चौदाशें वर्षांनंतर त्याच्या देशाचा एक म्हातारा मास्तर त्या आवारांत उभा राहून त्याची आठवण काढील, हें त्याला कसें कळावें! उज्जयिनी ही माळव्याची नगरी. श्रोतेहो, हें नांव कृपा करून ध्यानांत ठेवा. पुढें त्याचें काम पडणार आहे.

ग्वांगझूहून मुलानें मला आगगाडीनें छुआनझूस नेलें. ग्वांगझूच्या पूर्वेस, फूज्येन प्रांतांतील हें बंदर. मार्को पोलो व इब्न बतूता यांनीं ज्याची तोंड भरून स्तुति केली तें झैतून हेंच. २०२१ मध्यें त्याचा समावेश जागतिक वारशाच्या यादींत झाला. येथील काइयुआन मंदिराची स्थापना ६८६ ची. मंदिरापुढें दोन पाषाणाचे मनोरे आहेत, तेराव्या शतकांतले. त्यांतील उंच मनोरा सुमारें ४८ मीटरांचा आहे. बहुतेक प्रवासी ते पाहून परत फिरतात. परंतु मुख्य मंदिराला वळसा घालून मागल्या ओसरीवर गेल्यास दगडाचे दोन सोळा पैलूंचे खांब दिसतात, आणि त्यांवर कोरलेलीं चित्रें पाहून आपल्याकडील मनुष्य जागींच थबकतो. हिरण्यकशिपूचें पोट फाडणारा नरसिंह तेथें आहे. यमलार्जुन उन्मळून पाडणारा बाळकृष्ण आहे. मंदिराच्या जोत्यावरही सिंहाकृतींच्या सत्तरांहून अधिक शिला बसविलेल्या आहेत.

ह्या शिला तेथें कशा आल्या? कुबलाईखानाच्या कारकीर्दींत तमिळ व्यापाऱ्यांची येथें मोठी वस्ती होती. शके १२०३, म्हणजे इ. स. १२८१ मध्यें, त्यांनीं शिवाची स्थापना केली. ती सांगणारा तमिळ शिलालेख, खालीं चिनी अक्षरांची ओळ असलेला, १९५६ मध्यें या शहरीं सांपडला. खानाच्या शरीरास आरोग्य लाभावें म्हणून ही स्थापना केली, असें त्यांत म्हटलें आहे. पुढें चौदाव्या शतकांत बंडाळी झाली, मोंगलांचें राज्य गेलें, परदेशी व्यापारी पांगले आणि त्यांचें देऊळ नामशेष झालें. परंतु मिंग राजांच्या काळीं काइयुआन मंदिराची डागडुजी करतांना चिनी कारागिरांनीं ते खांब वेंचून आणिले व बुद्धाच्या मंदिराला लाविले. परक्याच्या देवाची मूर्ति कोरलेला दगड त्यांनीं फोडला नाहीं, पायाखालींही पुरला नाहीं. व्यापार सचोटीचा असला म्हणजे व्यापारी निघून गेल्यावरही त्याच्या मागें अशी कांहीं खूण राहते.

येथपर्यंतचा माझा प्रवास अभिमानाचा होता. भिक्षूंनीं ज्ञान नेलें, व्यापाऱ्यांनीं देव नेले; चिनी लोकांनीं दोन्ही जपून ठेविलें. असें भाषण मला सहज करतां आलें असतें, आणि आपणांसही तें गोड लागलें असतें. परंतु परत येण्यापूर्वीं मुलगा म्हणाला, “बाबा, हूमन राहिलें आहे. चिनी शाळांतील मुलांना सहलीला तेथें नेतात. आपणही जाऊं.”

ग्वांगझूजवळून वाहणाऱ्या नदीस मोत्यांची नदी म्हणतात. ती समुद्राला मिळते त्या मुखाशीं हूमन आहे. किनाऱ्यावर जुने किल्ले आणि तोफा, आणि वर १९९७ मध्यें बांधलेला प्रचंड झुलता पूल. गांवांत एक संग्रहालय आहे, आणि त्याच्या आवारांत दोन मोठे चौकोनी हौद. नुसते पाहिले तर गांवतळीं वाटावीं. याच जागीं १८३९ च्या जून महिन्यांत लिन त्सेश्यू या चिनी अधिकाऱ्यानें परदेशी व्यापाऱ्यांकडून ताब्यांत घेतलेल्या अफूच्या २०,२८३ पेट्या नष्ट केल्या.

त्याची रीत ऐकण्यासारखी आहे. अफू जाळली तर तिचा अंश जमिनींत मुरतो आणि लोक ती माती उकरून नेतात, हा अनुभव होता. म्हणून लिननें हौद खणविले, तळाला फरशी घातली, कडेला फळ्या मारल्या. हौदांत पाणी सोडून मीठ टाकावयाचें, अफूचे गोळे फोडून त्यांत भिजत घालावयाचे, मग वरून कळीचा चुना ओतावयाचा. चुना फसफसून पाणी उकळूं लागे व मजूर फळ्यांवर उभे राहून तें ढवळीत. ओहोटी लागली कीं समुद्राकडची मोरी उघडून सर्व गाळ वाहूं देत. ३ जूनला आरंभ झाला तो २५ जूनपर्यंत हें चाललें. हजार टनांहून अधिक अफू अशी समुद्रास मिळाली. आणि आरंभापूर्वीं लिननें समुद्रदेवतेची पूजा करून क्षमा मागितली: हें विष तुझ्या पाण्यांत सोडणें मला भाग आहे, तेव्हां जलचरांनीं कांहीं काळ दूर जावें, अशा आशयाची प्रार्थना त्यानें केली. ज्या अधिकाऱ्याला माशांचीही काळजी वाटली, त्याच्या देशाची काळजी अफू पाठविणाऱ्यांस वाटली नाहीं.

त्यानंतरचें पाठ्यपुस्तकांत आहेच. युद्ध झालें, चीन हरला, लिनला हद्दपार करून दूर पश्चिमेस पाठविलें, २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला. चीननें हाँगकाँग दिलें, पांच बंदरें उघडलीं आणि दोन कोटी दहा लाख डॉलर दंड भरला. पैकीं साठ लाख तर त्या बुडालेल्या अफूची भरपाई म्हणून.

परंतु माझ्या वर्गांतील मुलाचा प्रश्न याच्या आधींचा होता. अफू पिकत होती कोठें? उत्तर असें आहे: कांहीं बिहार व काशी प्रांतांत, कंपनीच्या मक्त्याखालीं, आणि उरलेली पुष्कळशी माळव्यांत. होय, परमार्थाच्या माळव्यांत. त्या काळीं या प्रांताचा बराच भाग शिंदे व होळकर यांच्या अमलाखालीं होता. परमार्थाची उज्जयिनी १८१० पर्यंत शिंद्यांची राजधानी होती. उज्जैन आणि इंदूर येथें अफूचे मोठे सौदे होत. माळव्याचा शेतकरी खसखशीच्या बोंडांना चिरा देई, दुसऱ्या दिवशीं गोठलेला चीक खरवडून घेई. सावकार तो चीक घेत आणि बैलांच्या पाठीवरून घाट उतरून तो किनाऱ्याकडे येई. ह्या मालावर आपला ताबा बसावा म्हणून कंपनीनें पुष्कळ खटपट केली. तो पोर्तुगीजांच्या दमणमधून बाहेर पडूं लागला. शेवटीं १८३० च्या सुमारास कंपनीनें प्रत्येक पेटीवर कर घेऊन मुंबईची वाट मोकळी केली. तेथून जहाजें निघत तीं कँटनकडे. हूमनच्या हौदांत बंगालच्या अफूबरोबर माळव्याचीही अफू होती. चिनी लोक तिला पांढऱ्या सालीची अफू म्हणत.

मुंबईचा भाग येथेंच संपत नाहीं. नानकिंगचा तह ज्या जहाजावर झाला तें ‘कॉर्नवॉलिस’ नांवाचें युद्धनौकेचें जहाज १८१३ मध्यें मुंबईच्या गोदींत सागवानी लांकडाचें बांधलेलें. बांधणारे कसबी वाडिया घराण्यांतले. चीनवर चालून गेलेल्या सैन्यांत मद्रास व बंगाल इलाख्यांतील हिंदी शिपाई होते. आणि कँटनच्या कापूस व अफूच्या व्यापारांत ज्यांनीं संपत्ति मिळविली, त्यांत सर जमशेटजी जीजीभाई यांचें नांव अग्रभागीं आहे. त्यांच्या दानांतून उभ्या राहिलेल्या रुग्णालयांत माझी स्वतःची आई बरी होऊन घरीं आली. तेव्हां मी कोणावर बोट रोखण्यासाठीं हें बोलत नाहीं. त्या काळीं आपल्या देशांत हा व्यापार कायदेशीर होता. शेतकऱ्याच्या हातीं फार थोडें लागे. सत्ता परक्यांची होती. हें सर्व खरें. परंतु तें खरें असूनही, हौदाच्या कांठावर उभें राहिल्यावर मला मान वर करवेना.

शाळेच्या गणवेशांतील चिनी मुलांचा एक घोळका तेथें आला होता. त्यांच्या शिक्षिकेनें भिंतीवरील नकाशावर काठी फिरविली. ती काठी हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून सिंगापुरावरून हूमनला आली. मुलानें हळूच मला तिचें बोलणें सांगितलें. जें मीं माझ्या वर्गांत टाळलें होतें, तें ती बाई तिच्या वर्गाला शांतपणें, रागाचा शब्द न काढतां, सांगत होती.

आपल्यांतील सर्वच गप्प बसले होते असें मात्र नव्हे. दादाभाई नौरोजी यांनीं हिंदुस्थानच्या दारिद्र्याविषयीं लिहितांना या व्यापाराचा निषेध केला. आणि १८८१ मध्यें, विशीच्या तरुण रवींद्रनाथांनीं चीनमधील या मरणाच्या व्यापारावर बंगालींत लेख लिहिला. १९०७ मध्यें चीनशीं करार होऊन निर्यात क्रमाक्रमानें कमी करण्याचें ठरलें, आणि १९१३ मध्यें ती थांबली. आजही माळव्यांत, मंदसौर-नीमचकडे, परवान्यानें अफू पिकते, ती औषधांसाठीं. त्याच चिकापासून निघणारें मॉर्फिन कर्करोगाच्या रोग्याला रात्रीची झोंप देतें. हिरडा काय आणि अफू काय, दोन्ही आपल्या वैद्यांच्या बटव्यांतल्याच वस्तु. एक आपल्या माणसांनीं पाहुण्यासारखी नेली, दुसरी चोरवाटेनें घुसविली. भेद वस्तूंत नव्हता, नेणाऱ्याच्या हेतूंत होता.

म्हणून दक्षिण चीनला जाणाऱ्या बंधुभगिनींना माझी एवढीच विनंती आहे. ग्वेलिनचे डोंगर अवश्य पाहा. ग्वांगश्यावचा बोधिवृक्ष पाहा, काइयुआनचे खांब पाहा आणि अभिमान बाळगा. परंतु एक दिवस हूमनसाठींही राखून ठेवा. परमार्थाला आपला म्हणावयाचें, तर माळव्याची ती पेटीही आपली म्हटली पाहिजे. वारसा घेतांना जमेची बाजू तेवढी घेऊन चालत नाहीं.

तो मागल्या बांकावरील मुलगा आज चाळिशीच्या पुढें गेला असेल. तो कोठें आहे, मला ठाऊक नाहीं. हें भाषण त्याच्या कानीं पडलें तर त्यानें आपल्या गुरुजींना क्षमा करावी. बाळ, ती अफू आपल्याकडे पिकत होती.